'अस्सल' रंगाचे मिथक आणि दख्खनचा श्वान

मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी येते. तेथील कोळीवाड्यात मासळीच्या आशेने घुटमळणारे कुत्रे तांबूस, काळे, बांडे असे नाना रंगांचे असतात. सुटीच्या दिवशी त्याच वाळूत शहरातून मोटारीत बसून आलेले ग्रेट डेन आणि हस्की उतरतात. पहिल्यांना 'गावठी' म्हटले जाते, दुसऱ्यांना 'अस्सल'. हा धागा त्या दुसऱ्या शब्दाविरुद्ध आहे.

प्रथम त्या शब्दाचे वय पाहावे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ साली आधुनिक पद्धतीचे पहिले श्वानप्रदर्शन भरले. १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ मध्ये त्याची पहिली वंशनोंदवही छापली गेली. तोवर कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होत असे. पुढे ती वहीवरून होऊ लागली आणि एकेका जातीची वही बंद होत गेली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वहीबाहेर बेटीव्यवहार बंद! ज्याला 'प्राचीन शुद्ध रक्त' म्हणून मिरवले जाते, ते बहुतांशी व्हिक्टोरियाच्या काळातील कागदपत्र आहे.

दख्खनची रीत वेगळी होती. कारवानी हा येथला शिकारी कुत्रा. त्याच्या केसाळ प्रकाराला पश्मी म्हणतात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानामुळे तो 'मुधोळ हाउंड' या नावाने प्रसिद्ध झाला आणि २००५ साली टपाल तिकिटावरही आला. तो काळा, पांढरा, पिवळसर, राखी, ठिपकेदार अशा अनेक रंगांत आढळतो. सशामागे माळ तुडवू शकणारा कुत्रा वंशाला लावायचा, हा निकष असला की रंगाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. 'राजघराण्याचा खरा मुधोळ अमुकच रंगाचा' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढी विविधता कोठून आली, याचे उत्तर द्यावे.

मुंबईच्या इतिहासात कुत्र्याच्या रंगाला अर्थ नव्हता असे मात्र नाही. जून १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी आदेशाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी लाभावी लागते. हा 'सगदीद' विधी. वेंदिदादमध्ये त्यासाठी 'चार डोळ्यांचा' कुत्रा सांगितला आहे, म्हणजे ज्याच्या डोळ्यांवर दोन ठिपके आहेत असा. तसे ठिपके मुंबईच्या गल्लीबोळांत आजही दिसतात. फरक एवढाच की तेथे रंग पाहून कुत्रा निवडला जाई. रंग मिळावा म्हणून बापलेकीची जोडी लावली जात नसे.

प्रदर्शनी श्वानपालनात नेमके हेच घडते, आणि त्यामागचे कारण आनुवंशिकीत आहे. बाजारात 'दुर्मीळ' म्हणून खपणारे अनेक रंग अप्रभावी जनुकांमुळे येतात. आई आणि बाप या दोघांकडूनही ते जनुक आले तरच रंग उमटतो. तो हमखास हवा असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नात्यातली जोडी. पण नात्यातल्या जोडीत रंगाचे जनुक तेवढे दुप्पट होत नाही, दडून बसलेले रोगही दुप्पट होतात.

काही वेळा तर रंग आणि व्याधी यांचे मूळ एकच असते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी केवळ कातडीत नसतात, अंतःकर्णातही असतात. त्या नसतील तर जन्मानंतर काही आठवड्यांतच श्रवणेंद्रिय निकामी होते. तमिळनाडूचा राजपाळयम शुभ्र अंग आणि गुलाबी नाक यांसाठी नावाजला गेला, आणि त्याच्या पिल्लांतील बहिरेपणही तितकेच परिचित आहे. 'मर्ल' या शिंतोडेदार रंगाचे एक जनुक असले तर कुत्रा देखणा दिसतो. दोन मर्ल एकत्र आणले तर सरासरी चारांतील एका पिल्लात ते दुहेरी होते आणि आंधळेपणा व बहिरेपणा यांचा धोका फार वाढतो. राखी-निळ्या छटेच्या काही जातींत केस झडून कातडीचे विकार होतात. कोली जातीतील एका विशिष्ट राखाडी रंगाची पिल्ले तर रक्तातील दोषामुळे बहुधा लहानपणीच दगावतात. रंग स्वतः दोषी नव्हे. काळा किंवा तांबूस कुत्रा निरोगी असेलच असेही नाही. दोष हा की एका रंगापायी बाकी सारे पाहायचे सोडून दिले जाते.

'शुद्धता राखली म्हणून आरोग्यही राखले गेले' हा युक्तिवाद डाल्मेशियनच्या इतिहासापुढे टिकत नाही. या ठिपकेदार जातीत मूत्राम्लाचा दोष इतका पसरला की नोंदवहीतला जवळजवळ प्रत्येक कुत्रा तो बाळगून होता. परिणाम म्हणजे मूत्रमार्गातले खडे. १९७३ मध्ये अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी एकच संकर केला आणि पुढे पिढ्यान्पिढ्या डाल्मेशियनशीच जोड्या लावल्या. निरोगी जनुक टिकले, ठिपकेही टिकले. तरीही विरोध झाला: रक्त भेसळीचे, ठिपके पुरेसे ठसठशीत नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, पण जातीच्या अभिमान्यांनी ती वाट रोखली. ती पुन्हा उघडायला २०११ उजाडले. एका पूर्वजाला क्षमा करायला अडतीस वर्षे, आणि तेवढा काळ कुत्र्यांनी खडे सोसले.

आता कारवानीचीही नोंद होत आहे, आणि ते आवश्यकही आहे. नोंद नसेल तर हा वंश सरमिसळीत विरून जाईल. परंतु ही वही अजून कोवळी आहे. तीत रंगाचा रकाना वर्णनापुरता ठेवायचा की पात्रतेसाठी, हे आजच ठरवता येते. धाव, सांधे, श्रवण आणि आईबापांतील नाते यांची नोंद आधी व्हावी, आणि माळावर अजूनही कामाला लावल्या जाणाऱ्या पण कागद नसलेल्या कुत्र्यांना आत येण्यासाठी दार उघडे राहावे. मुधोळच्या घोरपड्यांच्या नावाने एकच रंग विकणाऱ्यांना हे रुचणार नाही. त्यांच्याकडून पिल्लू घेणाऱ्याने निदान त्याच्या आईबापांचे एकमेकांशी नाते काय, एवढे तरी विचारावे.