‘चोक’चा सुकाळ

इंग्रजी ‘व्हेरी’स तुर्की भाषेंत ‘चोक’ हा प्रतिशब्द सांपडला कीं आपलें काम संपलें, असें मानणाऱ्या भाषांतरकारांशीं आमचें भांडण आहे. ‘चोक’ त्याज्य आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ‘चोक ग्युझेल’ म्हणजे फार सुंदर, हें अस्सल तुर्कीच होय. परंतु पांढऱ्यास ‘बेयाझ’ म्हणणारा तुर्क पांढऱ्याशुभ्रास ‘बेम्बेयाझ’ म्हणतो. काळ्या ‘कारा’चें ‘काप्कारा’, निळ्या ‘मावी’चें ‘मास्मावी’ आणि स्वच्छ या अर्थाच्या ‘तेमिझ’चें ‘तेर्तेमिझ’ होतें. शब्दाचें आद्याक्षर घ्यावें, त्यास म, प, र, स यांपैकीं रूढ असेल तें व्यंजन जोडावें व तें शब्दापूर्वीं ठेवावें, कीं अतिशयत्व उमटलें! प्रत्येक विशेषणास असें रूप नाहीं, हें खरें. तेथें ‘चोक’ खुशाल यावा. पण रूप असतां तें टाळणारा कोशाशीं इमान राखतो, भाषेशीं नव्हे.

आमच्या घरीं तरी निराळें काय आहे? ‘पांढरेंशुभ्र’, ‘काळेंकुट्ट’, ‘हिरवेंगार’ हे शब्द जिभेवर असतां आम्ही ‘अतिशय पांढरें’ लिहितों! शब्दास शब्द मोजून देणें हा सावकारी हिशेब झाला. भाषांतरकारानें मूळ वाक्याचा जोर परत करावयाचा असतो.