सोललेल्या भिंती

निघोजे-चाकणच्या कारखान्यांमुळे इकडे येऊन स्थिरावलेली आम्ही कॅथलिक मंडळी, कोणी वसईची तर कोणी नगरची, मूळ गावच्या चर्चला विसरलेलो नाही. जीर्णोद्धाराचे पत्रक आले की आम्ही मुकाट्याने वर्गणी धाडतो. चुकते ते इथेच. अलीकडच्या एका पत्रकात दोन कलमे होती : 'गिलावा काढून प्राचीन दगड उघडा करणे' व 'भेगा सिमेंटने बुजविणे'. दोहोंना आमचा विरोध आहे.

उघड्या दगडाच्या हौसेचे फळ जुन्या गोव्यात पाहावे. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष जिथे आहेत, त्या बॉम जेझू बॅसिलिकेचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले. १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. तिच्या भिंती जांभ्याच्या. हा दगड सच्छिद्र, पाणी पिणारा; म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि साडेतीन शतके तोच पाऊस झेलत राहिला. १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार काश्त्रो यांनी तो उतरवला, वास्तूला प्राचीन रूप यावे म्हणून! तेव्हापासून जांभा दर पावसाळ्यात भिजतो आहे, झिजतो आहे. समोरचे से कॅथेड्रल मात्र आजही पांढऱ्या गिलाव्यात उभे आहे. यात्रेकरू ज्या तांबड्या भिंतींची कौतुकाने छायाचित्रे घेतात, ते बॅसिलिकेचे मूळ रूप नव्हे. ते सोललेले अंग आहे.

सिमेंटची कथा उलटी, परिणाम तोच. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो; सिमेंट ती कोंडते. मग क्षार दगडाच्या पोटातच साठतात आणि पापुद्रे सुटू लागतात. पुढे ते सिमेंट काढू म्हटले, तर दगडाची कडही तुटून हाती येते. ज्या दुरुस्तीत पुढच्या पिढीला आपली चूक सुधारण्याची सोय उरत नाही, तिला आम्ही सेवा म्हणणार नाही.

"मग भिंत भाविकांच्या अंगावर पडू द्यायची?" असे आम्हांला विचारले जाते. मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंतींनीच हजारोंचा जीव घेतला. आतला व बाहेरचा थर सांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. थर विलग झाले नि कोसळले. असे सांधे मागाहूनही बसवता येतात. मात्र त्यासाठी आधी भिंत तपासावी लागते. रंगरंगोटीवर ते भागत नाही.

पत्रक आम्ही परत धाडले आहे. भिंत कोणी तपासली, मूळ चुन्याची परीक्षा झाली का, नि चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळाला का, एवढेच त्यावर लिहिले आहे. वर्गणीचे पाकीट तयार आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.