टोपलीतील स्वदेशी

कारंजा (लाड) हे गाव श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना ठाऊक आहे. वाशिम जिल्ह्यातील या गावाची दुसरी ओळख मात्र फारशी कुणाच्या स्मरणात नसते. हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने १८८६ साली देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ येथे सुरू झाली. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाही आला. शेतकऱ्याविषयीचा कळवळा हे त्यामागचे कारण नव्हते. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस, वाजवी दरात आणि खात्रीने हवा होता. सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे इथला बाजार घडवून घेतला. आज त्याच जिल्ह्यातला स्वकीय ग्राहक आपल्या शेतकऱ्यासाठी कोणता बाजार घडवीत आहे?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. बरोबर आठ वर्षांनी, १ जुलै २००६ रोजी, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वाशिम होता. (हीच तारीख वसंतराव नाईकांच्या जयंतीची, म्हणजे महाराष्ट्राच्या कृषी दिनाचीही. योगायोग बोलका आहे.) ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पीएम-किसान योजनेचा अठरावा हप्ताही याच जिल्ह्यातून वितरित झाला. सरकारने करावयाचे ते सरकार कमी-अधिक करीत असते. समाजाच्या वाट्याचे काय?

सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आगेमागे एकदाच हाती येतो आणि कृषी केंद्राची उधारी व पीककर्ज यांतच बहुतांशी जिरतो. तुरीचेही तसेच. मधले महिने निभावतात ते विहिरीच्या पाण्यावर काढलेल्या पाच-दहा गुंठ्यांतील मेथी, वांगी, मिरची आणि सांबारावर. हा पैसा थोडा, पण आठवड्याच्या आठवड्याला येणारा. आणि पुष्कळदा तो घरधनिणीच्या हाती राहणारा. मुलांच्या वह्या, तेल-मीठ, म्हाताऱ्यांचे औषध यांचा खर्च त्यातूनच भागतो. आठवडी बाजारात एका जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस होते, ती या पैशातून वजा होते.

वेफर्सच्या पाकिटावरची छापील किंमत निमूटपणे मोजणारा हात सांबाराच्या जुडीसमोर एकाएकी हिशेबी होतो. त्याहून वाईट सवय उशिरा जाण्याची. भाजी नाशिवंत, विकणारीला शेवटची एस.टी. गाठायची असते, दिवस मावळता भाव पडणारच, हे जाणून काही सुशिक्षित मंडळी मुद्दाम संध्याकाळी पिशवी घेऊन निघतात. याला चतुराई म्हणण्याची पद्धत आहे.

बाजारात बसलेला प्रत्येक विक्रेता शेतकरी नसतो, हेही खरे. पहाटे हर्रासात माल घेऊन दिवसभर उन्हात विकणाऱ्याचेही पोट त्यावरच असते. त्याला दलाल म्हणून हिणवण्यात पुरुषार्थ नाही. पण स्वतः पिकवणाऱ्याची टोपली ओळखू येते. तिच्यात बारा प्रकार नसतात, दोन-तीनच असतात. मुळांना माती असते, वांगी एका मापाची नसतात. सगळे एकाच ठिकाणी, धुतलेले आणि बारमाही मिळावे, हा हट्ट धरला की ही टोपली आपोआप बाजूला पडते.

शेतकरी व ग्राहक समोरासमोर यावेत म्हणून इतर राज्यांनी पूर्वीच पावले उचलली. आंध्रात रयतू बाजार आणि तमिळनाडूत उळवर संधै हे दोन्ही १९९९ साली सुरू झाले. तमिळनाडूत शेतकऱ्याला ओळखपत्र मिळते आणि रोजचा भाव फलकावर लागतो. तो घाऊक दरापेक्षा अधिक, किरकोळ दरापेक्षा कमी. घासाघिशीला जागाच उरत नाही. महाराष्ट्राने २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांचे अभियान काढले. पुण्या-मुंबईकडे त्याचा बोलबाला अधिक झाला, कारण तिथे संघटित ग्राहक होता. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, तीही याच जाणिवेतून, की एकटा ग्राहक दुबळा असतो, पण दहा कुटुंबांचा गट व्यवहाराची रीत बदलू शकतो.

स्वदेशीची चर्चा साबण, टूथपेस्ट आणि शीतपेयांपाशी घोटाळत राहते. दहा कोसांवरून आलेली मेथीची जुडी त्या यादीत कधी नसते. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर यांसारख्या गावांत शेतकऱ्यांचा बाजार भरविण्यास फार काही लागत नाही: आठवड्यातील एक सकाळ, सावली, पिण्याचे पाणी, प्रमाणित तराजू, भावाचा फळा आणि नेमाने येणारी पन्नास कुटुंबे. शाळांची पटांगणे व मंदिरांची आवारे त्या वेळी रिकामीच असतात, आणि त्यांच्या किल्ल्या बहुधा या पृष्ठाच्या वाचकांपैकीच कुणाकडे तरी असतात.