मजुरी कीं मेहेरबानी?

गेल्या महिन्यांत एका सुविद्य भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात, "यजमानांच्या वेतनांतून व्यवसाय कर कापला जातो. तो मूळ दुष्काळी मजुरांसाठीं बसविला, असें मामंजी सांगतात. इतकीं वर्षें हें दान करूनहि खेड्यांतील दारिद्र्य हटलें नाहीं. मग अशा दानाचा उपयोग काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित घरांत तो मनांतल्या मनांत विचारला जातो. म्हणून खासगी उत्तर न धाडतां येथेंच त्याचा विचार करूं. आमच्या मतें त्या प्रश्नांतील एकच शब्द नीट तपासावयास हवा, आणि तो म्हणजे 'दान'.

दुर्भिक्षांत राजानें काय करावें, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत सांगितलें आहे कीं, अशा वेळीं प्रजेस बियाणें व अन्न द्यावें, अथवा अन्नाच्या मोबदल्यांत तट, बांध यांचीं कामें काढावीं. इंग्रजी अमलांत १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सरकारनें अशीं कामें काढलीं; पण देणाराचा हात आंखडता होता. सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुराचें धान्य रोजीं एका पौंडावर आणिलें, तेव्हां मुंबई इलाख्यांतील अर्धपोटी मजुरांनीं कामें सोडलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेतली. पुढें १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत काम होतें, अन्नहि होतें. परंतु काम केव्हां उघडावें व केव्हां बंद करावें, हें अधिकाऱ्यानें ठरवावयाचें. मजुरानें वाट पाहावयाची. मागण्याचा अधिकार त्यास नव्हता.

आमच्या गंगापूर तालुक्यांत १९७२ चा दुष्काळ वृद्ध माणसांना समजावून सांगावा लागत नाहीं. विहिरी कोरड्या पडल्या, गुरें मिळेल त्या किंमतीस गेलीं. परदेशांतून आलेली तांबडी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर संसार निभावले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणें अशा कामांवर मे १९७३ मध्यें राज्यांत सुमारें पन्नास लाख माणसें होतीं. त्याच सुमारास आफ्रिकेंतील साहेल प्रदेशांत अवर्षणानें माणसें मोठ्या संख्येनें मेलीं; महाराष्ट्रांत मात्र धान्याचें उत्पन्न अतिशय घटूनहि तसा संहार झाला नाहीं. अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा दाखला देऊन दाखविलें कीं, माणूस मरतो तो केवळ देशांत धान्य कमी पडल्यामुळें नव्हे. तें विकत घेण्याचें साधन त्याच्या हातांतून गेल्यामुळें मरतो. महाराष्ट्रांतील मजुराच्या हातीं तें साधन रोजाच्या रूपानें राहिलें.

या अनुभवांतून जें पुढें निघालें, तें जगांतील थोड्याच देशांत घडलें आहे. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ मध्यें सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत ज्या कल्पनेचा प्रयोग मांडला होता, तिला 'मागेल त्याला काम' हें रूप आलें. १९७७ मध्यें विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. ग्रामीण भागांतील जी प्रौढ व्यक्ति अंगमेहनतीचें काम मागेल, तिला तें पंधरा दिवसांच्या आंत द्यावें. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. स्त्रीपुरुषांस सारखाच दर असावा. कामावर पिण्याचें पाणी, सावली आणि लेंकरांची सोय असावी, अशी ही रचना होती. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यांत काम हा मनुष्याचा हक्क म्हटला आहे. आपल्या राज्यघटनेनें ४१ व्या अनुच्छेदांत राज्याच्या ऐपतीची मर्यादा घालून तोच उद्देश सांगितला. महाराष्ट्रानें त्या उद्देशास तारीख आणि मुदत जोडली. देशभर असा कायदा व्हावयास पुढें २००५ साल उजाडलें. त्यांत प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षास शंभर दिवसांची हमी दिली होती.

याच कामासाठीं पैसा उभा करावयास १९७५ मध्यें व्यवसाय कर बसविला गेला. पगारदार व व्यावसायिक यांजकडून जितकें उत्पन्न येईल, तितकीच भर राज्यानें आपल्या तिजोरींतून घालावी, असें ठरलें. आतां विचार करा. दान देणारा आपल्या इच्छेनें देतो, आपल्या इच्छेनें थांबवितो, आणि घेणारानें कृतज्ञ राहावें अशी अपेक्षा धरतो. येथें तर घेणारा दिवसभर उन्हांत माती उपसतो, आणि मोजमाप होऊन जितकें काम भरेल तितकाच दाम त्यास मिळतो. शतपथ ब्राह्मणांत देव, ऋषि व पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेंहि ऋण सांगितलें आहे. कर हा त्या चौथ्या ऋणाचा हप्ता समजावा. हप्ता भरणारास कोणी दाता म्हणत नाहीं.

आपल्या समाजांत कांहीं जातींकडून बिनमोल राबवून घेणें हा इतरांचा वंशपरंपरेचा अधिकार मानला गेला होता. महार वतनाच्या जाचांतून मोकळीक मिळावी म्हणून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेकौंसिलांत विधेयक आणिलें होतें, आणि वेठबिगारीस पूर्ण बंदी व्हावयास राज्यघटनेचा २३ वा अनुच्छेद यावा लागला. तेव्हां 'काम द्या, आणि त्याचा रोज पुरता द्या' एवढें मजुरानें सरकारास कायद्याच्या आधारानें म्हणूं शकणें, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आतां दारिद्र्य कां हटलें नाहीं? पहिलें कारण हें कीं, हमीनें पोटाखालीं आधार दिला. तीनें श्रीमंती आणावी, ही अपेक्षाच चूक. दुसरें असें कीं, हमीचें पालन सर्वत्र नीट झालें नाहीं. हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, कांहीं बांध पहिल्या पावसांत वाहून गेले. कमीत कमी पन्नास मजूर जमल्यावांचून नवें काम निघत नसे, त्यामुळें लहान वस्त्यांची अडचण झाली. १९८८ मध्यें मजुरीचा दर एकदम बराच वाढला, तेव्हां मागणीच्या मानानें कामें कमी निघूं लागलीं, असें अर्थशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. तरी हिशेबाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. १९९० पासून या योजनेखालीं फळबागा लावण्यास साहाय्य मिळूं लागलें, आणि जिरायती शेतकऱ्यांपैकीं कित्येकांनीं त्या आधारावर मोसंबी, आंबा, डाळिंब यांची लागवड केली.

मग कारखाने आले म्हणजे हमीची गरज उरत नाहीं काय? याचें उत्तर आमच्याच तालुक्यांत सांपडतें. वाळूजची मोठी औद्योगिक वसाहत गंगापूर तालुक्यांत आहे. तेथें बजाजचा वाहनांचा कारखाना १९८५ मध्यें सुरू झाला. दक्षिणेस जायकवाडीचा जलाशय आहे. म्हणजे यंत्र आणि पाणी दोन्ही एका तालुक्यांत आलीं. परंतु कारखान्यास शिकलेला तरुण हात लागतो, आणि पाण्याचा लाभ ज्याची जमीन आहे त्यास होतो. पन्नाशीची निरक्षर भूमिहीन बाई कारखान्याच्या दारांतूनहि परत येते आणि कालव्याच्या कांठावरूनहि. देशाची प्रगति जेथून तिला ओलांडून पुढें जाते, तेथें तिच्यासाठीं हक्काचें काम असावें लागतें.

हा हक्क कोठें अडतो, तेंहि सांगतों. निवृत्तीनंतर प्रस्तुत लेखकाकडे कांहीं मजूर अर्ज लिहून घेण्यास येऊं लागले. कांहीं वर्षांपूर्वीं आलेल्या एका बाईनें तीन वेळां तोंडीं काम मागितलें होतें, आणि तीनहि वेळां "पुढल्या आठवड्यांत बघूं" असें उत्तर मिळालें होतें. ती म्हणाली, "गुरुजी, काम मागाया गेलं तर भीक मागाया आल्यावानी बघत्यात." कायद्याची पंधरा दिवसांची मुदत लेखी अर्जाच्या तारखेपासून सुरू होते, आणि त्या तारखेचा पुरावा म्हणजे अर्जाची दिनांकित पोच. ती पोच न देणें, ही कचेऱ्यांतील एक जुनी युक्ति आहे. तारीखच नसली म्हणजे मुदत कधींच संपत नाहीं. बाईच्या अर्जाच्या दोन प्रती केल्या. तारीख आणि शिक्का पडेपर्यंत ती कचेरींतून हलली नाहीं. काम लागलें, पण मुदत उलटून गेल्यावर. आणि मधल्या दिवसांचा भत्ता तिला मिळाला नाहीं तो नाहींच. तथापि पुढच्या खेपेस ती एकटी आली नाहीं. वस्तींतील आणखी अकरा बायका बरोबर होत्या, आणि प्रत्येकीनें आधींच सांगितलें, "दोन प्रती करा."

वाचकहो, कायद्यांचीं नांवें बदलतात, दिवसांचे आंकडे आणि मजुरीचे दर बदलतात. अर्ज आणि त्याची पोच यांचें महत्त्व बदलत नाहीं. आपल्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींनीं सुटींत गांवीं गेल्यावर चार मजुरांचे अर्ज लिहून दिले, बँकेच्या पुस्तकांत रोज जमा झाला कीं नाहीं तें वाचून दाखविलें, तर आपल्या कराचा विनियोग पाहण्याचा तो उत्तम मार्ग होईल.

आणि एक गोष्ट अगदीं उंबरठ्याच्या आंतली. आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई सणावारीं जुनें लुगडें व उरलेलें पक्वान्न घेऊन जाते, तेव्हां आपणांस आपल्या औदार्याचें समाधान वाटतें. पण मूल तापानें फणफणलें म्हणून ती दोन दिवस आली नाहीं, तर त्या दोन दिवसांचे पैसे आपण कापतों. लुगडें हवें तर द्या. त्याआधीं तिचें वेतन, तें देण्याची तारीख आणि महिन्याच्या हक्काच्या सुट्या ठरवून दिनदर्शिकेवर लिहा, आणि तिला वाचून दाखवा.