विश्लेषण : संशोधनासाठी १०० कोटी आहेत, पण अर्ज करणार कोण?

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं तरी 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. याच जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

आकडा समजला. पण असं का होतं, याचं पूर्ण उत्तर कोणत्या विषयाकडे आहे?

स्त्रीरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेची गरज होती की नव्हती ते सांगतील. उचल आणि खाडा यांचं गणित अर्थशास्त्राचा अभ्यासक मांडेल. मुकादम आणि कारखाना यांच्यातल्या जबाबदारीचा प्रश्न कामगार कायद्याचा. पाण्याची, संडासाची सोय नसलेल्या पालांवर सहा महिने राहिल्यानं काय होतं, हे सार्वजनिक आरोग्यवाल्यांना विचारावं लागेल. ऊस तोडण्याची यंत्रं आली तर या बायकांच्या हाताला काय उरेल, हे कृषी अभियंत्याला. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून चार-पाच वर्षं काम करायला लावणं, यालाच आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट साधी आहे.

आता भारतात अशा कामासाठी पैसे नाहीत, असं म्हणायची सोय राहिलेली नाही. पैसे आले आहेत. अडचण पुढे सुरू होते.

पैसे कुठून येतात?

संसदेनं २०२३ मध्ये 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' म्हणजे एएनआरएफचा कायदा केला. फेब्रुवारी २०२४ पासून ही संस्था अस्तित्वात आली आणि आधीचं 'एसईआरबी' हे मंडळ तिच्यात विलीन झालं. पंतप्रधान हे तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष आहेत. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, असं चित्र मांडलं गेलं. त्यातले १४,००० कोटी केंद्र सरकारचे आणि उरलेले ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार अशा ठिकाणांहून येणं अपेक्षित आहे. ऊसतोड मजुरांच्या आरोग्यासाठी कोणता उद्योग थैली सोडेल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

ही संस्था का हवी होती, याचं कारण सरकारनंच दिलं होतं. एसईआरबीच्या निधीपैकी सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींकडे जात होता आणि राज्य विद्यापीठांच्या वाट्याला ११ टक्के येत होता, असं २०२३ मध्ये केंद्राकडून सांगण्यात आलं. देशातले बहुसंख्य विद्यार्थी मात्र राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या कॉलेजांत शिकतात.

हे बदलण्यासाठी २०२४ च्या अखेरीस 'पेअर' नावाची योजना आली. रचना 'हब आणि स्पोक' अशी. बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधला तुंबा म्हणजे हब, त्यातून निघणारे आरे म्हणजे स्पोक. हब ही नावाजलेली संशोधन संस्था असते आणि ती जास्तीत जास्त सात स्पोक संस्थांना सोबत घेते. एका गटाला १०० कोटी रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. त्यातला ३० टक्के हबचा, ७० टक्के स्पोकचा. म्हणजे सात स्पोक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० कोटी.

राज्य विद्यापीठासाठी ही रक्कम लहान नाही. तुलनेसाठी, यूजीसीनं २०१९ मध्ये 'स्ट्राइड' नावाची आंतरविद्याशाखीय संशोधनाची योजना आणली होती. तिच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते यूजीसीचे तेव्हाचे उपाध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन. त्या योजनेत अनेक संस्थांच्या मिळून एका गटाला कमाल ५ कोटी होते.

दारावरची पाटी

'पेअर'च्या पहिल्या फेरीत हब होण्यासाठी अट होती : एनआयआरएफच्या एकूण क्रमवारीत पहिल्या २५ मध्ये असावं. किंवा संस्था 'राष्ट्रीय महत्त्वाची' असेल तर पहिल्या ५० मध्ये असली तरी चालेल. 'राष्ट्रीय महत्त्वाची संस्था' हा संसदेच्या कायद्यानं मिळणारा दर्जा आहे. आयआयटी, एनआयटी, एम्स यांना तो असतो. राज्य विद्यापीठांना नसतो.

आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे बघा. २०२४ च्या एकूण क्रमवारीत ते ३७ व्या स्थानावर होतं. पन्नासच्या आत, पण पंचविसाच्या बाहेर. त्याच क्रमांकावर एखादी एनआयटी असती तर तिला हब म्हणून अर्ज करता आला असता. पुणे विद्यापीठाला नाही. फरक गुणवत्तेचा नव्हता, दर्जाच्या पाटीचा होता.

पहिल्या फेरीत सात हब निवडले गेले : बंगळुरूची आयआयएससी, आयआयटी मुंबई, आयआयटी इंदूर, आयआयटी बीएचयू, एनआयटी राउरकेला, हैदराबाद विद्यापीठ आणि जेएनयू. महाराष्ट्रातून एक, आयआयटी मुंबई. यादीत राज्य विद्यापीठ एकही नाही, आणि अट वाचल्यावर याचं आश्चर्य वाटायला नको.

योजनेच्या बाजूनंही बोलायला हवं. ७० टक्के पैसा स्पोककडे जाणं हा जुन्या वाटपापेक्षा खरंच मोठा बदल आहे. महागडी यंत्रं, प्रस्ताव लिहिण्याचा सराव, परदेशी ओळखी हे सगळं हबकडे असतं आणि ते लहान संस्थेला वापरायला मिळतं. पुढच्या टप्प्यांत पात्रतेची व्याप्ती वाढवू, असंही एएनआरएफनं म्हटलं आहे. पण चाकाचा आरा गाडी कुठे न्यायची ते ठरवत नाही. संशोधनाचा प्रश्न कोणता, हे ठरवताना हबचा शब्द जड असणार. आणि बीडचा प्रश्न पवईत बसून सुचण्यापेक्षा मराठवाड्यातल्या एखाद्या विभागात सुचण्याची शक्यता जास्त.

त्यात कायद्याच्या शब्दांचीही गोम आहे. एएनआरएफच्या कायद्यात नैसर्गिक विज्ञान, अभियांत्रिकी, आरोग्य, शेती हे विषय थेट येतात. समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे त्यांचा सांधा जुळतो, तेवढ्यापुरत्या. विज्ञान आणि समाजशास्त्रं एकत्र आणणाऱ्या केंद्रांसाठी एएनआरएफनं २०२५ मध्ये वेगळे प्रस्ताव मागवले, ही चांगली गोष्ट. तरी अर्थशास्त्राच्या किंवा कायद्याच्या प्राध्यापकाला गटाचा पुढारी व्हायचं असेल, तर आधी आपल्या प्रश्नात 'विज्ञान' कुठे आहे ते दाखवावं लागतं.

एका जिल्ह्याचा प्रश्न, चार विद्यापीठं

आंतरविद्याशाखीय गट एकाच विद्यापीठात तयार व्हावा, अशी अपेक्षा असते. महाराष्ट्रात ते अवघड आहे, कारण आपण विद्यापीठंच विषयवार वाटून टाकली आहेत.

बीडमधली सर्वसाधारण कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. शेतीसाठी राज्यात चार वेगळी कृषी विद्यापीठं, त्यातलं मराठवाड्याचं परभणीत. तंत्रशास्त्राचं विद्यापीठ लोणेऱ्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. समाजशास्त्राच्या विभागातून उठून वैद्यकशास्त्राच्या विभागात चहाला जावं, इतकं सोपं ते नाही. दोन कुलगुरू, दोन कुलसचिव, दोन लेखा विभाग आणि त्यांच्यात सामंजस्य करार. नैतिक परवानगी कोणत्या समितीची घ्यायची, यावरच महिने जातात. हे सगळं अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर करायला घेतलं तर तारीख निघून जाते.

अर्जावर सही कोणाची?

अशा बहुतेक योजनांत प्रमुख संशोधक हा नियमित, पूर्णवेळ पदावरचा असावा लागतो. अटीमागचं कारण रास्त आहे. पाच वर्षांचा प्रकल्प घेणारा माणूस पाच वर्षं तिथे असायला हवा. पण राज्यात प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिक्त आहेत आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक उचलतात. पीएच.डी. झालेला, नेट-सेट झालेला, विषयात मुरलेला तिशी-पस्तिशीतला माणूस वर्गात आहे, पण अर्जावर त्याची सही चालत नाही. ज्यांची सही चालते त्यांच्याकडे दोन-तीन जणांचं काम, परीक्षा, नॅकची तयारी आणि प्रवेश समिती.

रिक्त पदांचा फटका दुहेरी बसतो. शिक्षक कमी म्हणून क्रमवारीत गुण कमी, आणि क्रमवारी घसरली की पुढच्या योजनेची पात्रता जाते. २०२५ मध्ये पुणे विद्यापीठ एकूण क्रमवारीत ३७ वरून ९१ वर गेलं आणि विद्यापीठांच्या यादीत २३ वरून ५६ वर. तेव्हा रिक्त पदं हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून चर्चेत आलं. हब होण्याची वेस आता आणखी लांब गेली आहे.

एकत्र काम केलं तर गुण कमी

समजा, सगळं जुळलं. गट झाला, निधी आला, चौघांनी मिळून शोधनिबंध लिहिला. त्याचं श्रेय कसं वाटलं जातं?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या भरती-बढतीसाठी संशोधनाचे गुण मोजण्याचा तक्ता आहे. मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या निबंधाला विज्ञान शाखांत ८ गुण, भाषा आणि समाजशास्त्रांत १०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. इम्पॅक्ट फॅक्टरचे जादा गुण सोडून दिले, तर चौघांच्या निबंधात तिसरं नाव असलेल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला मिळतात ३ गुण. एकट्यानं लिहिला असता तर १०. प्राध्यापक पदाच्या थेट भरतीसाठी लागतात १२०.

एका बाजूला मिळून काम करा म्हणून १०० कोटी, दुसऱ्या बाजूला मिळून काम केलं म्हणून कात्री. २०२५ च्या जानेवारीत यूजीसीनं नव्या नियमांचा जो मसुदा मांडला, त्यात ही गुणपद्धती मागे टाकण्याचा विचार होता. पण ज्यांनी आपली वर्षं या तक्त्यावर बेतली, ते सहजासहजी जोखीम घेणार नाहीत.

हा दुरावा फक्त भारतातला नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिंडेल ब्रोमहॅम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेले १८,४७६ प्रस्ताव तपासले. निष्कर्ष २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. प्रस्तावात एकमेकांपासून जितके लांबचे विषय एकत्र आलेले, तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी. एक सरळ कारण समजण्यासारखं आहे. प्रस्ताव तपासणारा एका विषयाचा जाणकार असतो. त्याला आपल्या विषयाचा भाग उथळ वाटतो आणि दुसऱ्याचा कळत नाही.

जर्मनीनं काय केलं?

जर्मनीत 'एक्सलन्स स्ट्रॅटेजी' नावाची योजना आहे. विद्यापीठांतल्या मोठ्या, बहुधा अनेक विषय जोडणाऱ्या संशोधन गटांना सात वर्षांसाठी पैसे मिळतात, एका गटाला वर्षाला ३० लाख ते १ कोटी युरो. दारात क्रमवारीची अट नाही. आधी छोटा आराखडा पाठवायचा. २०२३ मध्ये असे १४३ आराखडे आले. त्यातल्या ४१ गटांनाच २०२४ मध्ये सविस्तर प्रस्ताव लिहायला सांगितलं, म्हणजे बाकीच्यांची मोठा प्रस्ताव लिहिण्याची मेहनत वाचली. आधीपासून सुरू असलेल्या ५७ गटांनाही पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. मे २०२५ मध्ये या ९८ पैकी ७० निवडले गेले : जुने ४५, नवे २५. आराखड्यापासून पैसे सुरू होईपर्यंत अडीच वर्षं.

तिथेही मोठ्या शहरांतली मोठी विद्यापीठंच जास्त गट पटकावतात, आणि प्रस्ताव लिहिण्यात प्राध्यापकांची वर्षं जातात अशी तक्रार आहेच. फरक एवढाच की तिथे आधी प्रश्न वाचला जातो.

मग राज्य विद्यापीठांच्या हातात काय?

हबच्या अटीवर त्यांचा ताबा नाही. पण काही गोष्टी अर्जाची जाहिरात येण्याआधी करता येतात आणि त्यांना केंद्राची परवानगी लागत नाही. कृषी, आरोग्य आणि सर्वसाधारण विद्यापीठांमध्ये कायमस्वरूपी करार करून ठेवणं. नैतिक परवानगीसाठी एकत्र समिती नेमणं. स्वतःच्या निधीतून चार-पाच लाखांचं बियाणं देऊन दोन-तीन विभागांना वर्षभर छोटं काम करू देणं, म्हणजे प्रस्तावात दाखवायला काहीतरी हाताशी असतं. आणि प्रस्ताव, हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्रं सांभाळणारा एक पगारी माणूस. हा माणूस आयआयटीत असतो. राज्य विद्यापीठात ते काम बहुधा प्राध्यापकच रात्री घरी बसून करतो.

पद भरती मात्र राज्य सरकारच्या हातात आहे. पुढच्या फेरीत हबची अट सैल झाली, तरी सही करायला माणूस लागेलच.