दिवे लावा, मगच गाडी काढा



कापसाचा हंगाम हा लहान दिवसांचा हंगाम. दिवाळी सरली की सहा वाजता दिसेनासे होते. नेमक्या याच दिवसांत आपला माणूस रात्रीच्या रस्त्यावर असतो. कापूस भरलेली बंडी जिनिंगकडे निघालेली असते. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांसाठी जागलीला जावे लागते. ज्याच्याकडे विहीर आहे त्याची वीज रात्रपाळीची असली तर हरभऱ्याला पाणी द्यायला तो मध्यरात्री निघतो. बाजार करून, दवाखाना करून, शाळा-कॉलेज करून परतणारी मंडळी शेवटच्या गाडीची वाट पाहत फाट्यावर उभी असते. अशा वेळी समोरून गाडी येते आणि तिला दिवे नसतात. कधी एकच डोळा मिणमिणत असतो, कधी दोन्ही बंद. चांदण्याच्या भरवशावर आणि पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे गाडी हाकली जाते. एसटी असो की काळीपिवळी, आत बसलेली पन्नास किंवा पंधरा माणसे जीव मुठीत धरून बसतात.

राजुऱ्याहून गडचांदूर, कोरपना, जिवतीकडे जाणारा किंवा आसिफाबादकडे उतरणारा रस्ता काही मोकळा रस्ता नाही. कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस धावतात, धूळ बसत नाही, कडेला जंगल आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये ‘आरटी-1’ हा वाघ पकडला जाईपर्यंत राजुरा तालुक्यातल्या किती गावांची संध्याकाळ दार लावून गेली, हे कोणाला सांगायला नको. गाडी चुकली म्हणून फाट्यावरून चालत जावे असा हा मुलूख नाही. म्हणूनच बिनदिव्यांची गाडी आली तरी लोक चढतात. चालकही म्हणतो, मी नाही नेले तर तुम्ही जाणार कसे? त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि अडचण नेमकी इथेच आहे.

आधी हिशेब करू. ताशी 50 किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात 14 मीटर जाते. चालकाला बंडी दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. त्यानंतर गाडी पूर्ण थांबेपर्यंत आणखी अठरा-वीस मीटर लागतात. म्हणजे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, शंभर-सव्वाशे फूट. काळोखात बिनदिव्यांच्या गाडीतून बंडी दिसते ती याच्या कितीतरी अलीकडे. चालक कितीही सराईत असला तरी हा हिशेब बदलत नाही. आणि दिवा फक्त चालकाला दिसावे म्हणून नसतो. समोरच्याला गाडी दिसावी म्हणूनही असतो. बैलाला बाजूला काढायला वेळ लागतो. तो वेळ दिव्याने मिळतो.

काही चालक दिवे असूनही बंद ठेवतात. डिझेल वाचते, बॅटरी टिकते, असा समज आहे. तोही तपासून पाहू. बसचे दोन हेडलाइट मिळून सुमारे 150 वॅट. वीज तयार होताना होणारी घट धरून 300 वॅट म्हणा. शंभर अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे जवळपास 75,000 वॅट. अडीचशे भागांतला एक भाग वाचवण्यासाठी पन्नास जीव पणाला लावायचे, हा कोणता व्यवहार? शिवाय चालत्या गाडीत दिव्यांना वीज बॅटरी नव्हे, डायनामो पुरवतो. दिवे लावल्याने बॅटरी उतरत असेल तर बिघाड दुसरीकडे आहे आणि तो दुरुस्त करायचा असतो, झाकायचा नसतो.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, आणि उजेड अपुरा असेल तेव्हा केव्हाही, दिवे लागलेच पाहिजेत. मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. नियम एसटीला वेगळा आणि खाजगी गाडीला वेगळा असा नाही.

मग दोष कोणाचा? चालकाला शिव्या देणे सोपे आहे. पण आगारात बल्ब नसेल, डायनामो दुरुस्त झाला नसेल, आणि बिघाड लिहून देणाऱ्यालाच ‘गाडी काढ, नाहीतर गैरहजेरी लावतो’ असे ऐकावे लागत असेल, तर एकट्या चालकाला धरून काय होणार? 2023 च्या पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातली एसटी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. एका गाडीचे छत उचकटून वाऱ्यावर उडत होते आणि गाडी धावत होती. दुसऱ्या गाडीचा चालक एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने वायपर चालवत होता. चित्रफिती फिरल्या तेव्हा धावपळ झाली. चित्रफीत निघत नाही तोवर गाडी चालतेच.

सरकारी मोटार या मुलखाला नवी नाही. राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात होते तेव्हा, 1932 साली, त्या संस्थानाने 27 गाड्यांनी सरकारी बससेवा सुरू केली. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर आपल्या एसटीची पहिली गाडी धावली. पुढे टप्पा वाहतुकीची मक्तेदारी सरकारने घेतली. मक्तेदारी घेतली तर जबाबदारीही घ्यावी लागते. इंडियाच्या मार्गावर गारेगार गाडी आणि भारताच्या वाट्याला दिवे गेलेली गाडी, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, चांगले झाले. पण अर्ध्या तिकिटात अर्धा उजेड असा करार कोणी केलेला नाही. आणि एसटी जिथे पोचत नाही तिथे काळीपिवळी चालते. तिला सरळ परवाना देऊन सरळ तपासणी करण्याऐवजी तिला चोरवाटेने धावायला लावायचे, हेही याच धोरणाचे फळ आहे. पकडले जाऊ नये म्हणून दिवे विझवून निघणारी जीप त्यातूनच जन्मते.

एक भीती रास्त आहे. आपण दिव्यांचा आग्रह धरला तर ‘गाडी नादुरुस्त’ अशी पाटी लावून शेवटची फेरीच रद्द होईल. म्हणून मागणी अर्धी करू नका, पुरती करा. फेरी रद्द नको, गाडी दुरुस्त हवी. दिव्यांची तपासणी दिवस मावळण्याआधी, आगारात व्हावी. प्रत्येक गाडीत जादा बल्ब आणि फ्यूज असावा. बिनदिव्यांची गाडी काढायला नकार देणाऱ्या चालकावर कारवाई होऊ नये. असा नकार देणारा चालक आपला शत्रू नाही, सोबती आहे. त्याच्या पाठीशी गावाने उभे राहावे.

आपल्या बाजूने करण्यासारखेही आहे. बंडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावा. कडब्याने ती झाकली जाणार नाही, अशी खाली लावा. बंडीला कंदील किंवा टॉर्च बांधा.

अपघात झालाच तर पंचनामा होताना हजर राहा. गाडीचे दिवे चालू होते की बंद, बल्ब होता की नव्हता, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. नाहीतर सारा दोष बंडीवाल्यावर येतो. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणापुढे लावा. धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर जखमेसाठी 50 हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात करायचा असतो.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणता दिवा बंद होता एवढेच लिहावे. ऐकीव लिहू नका, पाहिलेलेच लिहा. ते कागद एकत्र करून आगारप्रमुख आणि परिवहन अधिकारी यांच्यापुढे एकाच दिवशी ठेवायचे आहेत. पुढचे पाऊल त्यांच्या उत्तरावर ठरेल. उलंगवाडी होईपर्यंत वाट पाहू नये, कारण रस्त्यावरच्या बंड्या आताच भरलेल्या आहेत.