परताव्याची नाडीपरीक्षा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या तालुक्यातील वैद्यमंडळींची बैठक राहात्यास झाली. विषय होता अवलेहकल्पना. परंतु चहाच्या वेळी आवळ्याचा भाव निघाला, भावावरून भांडवलाकडे बोलणे वळले, आणि मग एकामागून एकाच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येऊ लागले : "परतावा अजून आला नाही." कोणाचे आयकराचे अठरा हजार अडकलेले, तर कोणा औषधनिर्मात्याचे वस्तू व सेवा कराचे लाखाच्या घरात. आवळ्याचा हंगाम कोणाच्या परताव्यासाठी थांबत नाही. हक्काचे पैसे अडकून पडल्यामुळे च्यवनप्राशासाठी व्याजाने रक्कम उचलावी लागली, असे दोघांनी सांगितले.

आम्ही सर्वांस एकच प्रश्न विचारला : संकेतस्थळावर स्थिती काय दाखविते? उत्तर दोघा-तिघांनाच देता आले. इतरांचे म्हणणे, "ते आमच्या करसल्लागाराला ठाऊक." रुग्ण 'बरे वाटत नाही' एवढेच म्हणाला, तर आपण नाडी, जिव्हा, मल, मूत्र पाहिल्यावाचून त्यास चूर्णाची पुडी बांधून देतो काय? मग स्वतःच्या पैशाबाबत ही अनास्था का?

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. २०२१ साली आमचा एकतीस हजारांचा परतावा रखडला. सल्लागार म्हणत, "येईल, सगळ्यांचेच रखडले आहेत." त्या वर्षी ७ जून रोजी सुरू झालेले आयकर खात्याचे नवे संकेतस्थळ कित्येक महिने अडखळत होते, त्यामुळे आम्हांसही ते पटले. अकरा महिन्यांनी कन्येच्या मदतीने खाते उघडून पाहिले, तो तेथे 'रिफंड फेल्ड' असे शब्द! आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, शाखेचा आयएफएससी क्रमांक बदलला होता. खात्याने पैसे वेळेवर धाडले होते, ते आमच्या दारातून परत गेले होते. नव्या क्रमांकासह बँक खाते प्रमाणित करून पुनर्प्रदानाची विनंती नोंदविली आणि काही आठवड्यांत रक्कम जमा झाली. अकरा महिने आम्ही सरकारला बोल लावीत होतो.

आपल्या व्यवसायात परताव्याचा प्रश्न इतका का उद्भवतो, हे पाहिले पाहिजे. महाविद्यालयात व्याख्याने दिली वा रुग्णालयात पंचकर्मासाठी मानद वैद्य म्हणून गेलो, की मानधनातून दहा टक्के कर उगमस्थानी कापला जातो. दुसऱ्या बाजूस, कलम ४४एडीए अन्वये व्यावसायिकास एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे ग्रामीण भागातील बहुसंख्य वैद्यांच्या बाबतीत कापलेला सगळाच कर परत मिळावयाचा असतो. मोठा परतावा आला की आपल्याला भिशी लागल्यासारखा आनंद होतो. वास्तविक ते आपलेच पैसे, वर्षभर दुसऱ्याकडे राहिलेले. कमी अथवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून आधीच घेण्याची सोय कायद्यात आहे. तिचा लाभ आपल्यापैकी फारच थोडे घेतात, याचे आम्हांस नवल वाटते.

आता निदान. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी झाली नसेल, तर पुढचे काहीच होत नाही. आधार क्रमांकावर येणाऱ्या संकेतांकाने हे काम दोन मिनिटांत होते. 'अंडर प्रोसेसिंग' असे दिसत असेल, तर मात्र धीर धरावा लागतो. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले, ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रास मुदत आहे. २०२५ च्या सप्टेंबरात भरलेल्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. ही मुदत फार मोठी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि आज कायदा असा आहे. प्रक्रिया पूर्ण होऊनही परतावा शून्य दिसला, तर २६एएस पत्रक काढून पाहावे. एका संस्थेने आमच्या मानधनातून कर कापला, पण आपल्या तिमाही विवरणात आमचा पॅन चुकीचा लिहिला. तो कर आमच्या नावावर कधी चढलाच नाही. तेथे आयकर खात्याकडे तक्रार करून उपयोग नसतो, संस्थेच्या लेखापालाकडूनच दुरुस्ती करून घ्यावी लागते. पॅन व आधार जोडलेले नसतील, तर १ जुलै २०२३ पासून परतावाही नाही आणि त्या काळाचे व्याजही नाही.

याहून कठीण प्रकार जुन्या थकबाकीचा. कलम २४५ अन्वये खाते परतावा जुन्या मागणीत वळते करून घेऊ शकते, पण तत्पूर्वी कळविणे त्यास बंधनकारक आहे. ही सूचना ईमेलने येते आणि उत्तराला एकवीस दिवस असतात. आपण ती जाहिरात समजून पुसून टाकतो. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील दहा हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली होती. आपल्या नावावरील मागणी त्यांत बसते काय, हे तपासून उत्तर द्यावे.

विलंब खात्याचा असेल, तर व्याज ही कृपा नव्हे. कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का सरळ व्याज मिळते. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर ते १ एप्रिलपासून मोजतात. परतावा निश्चित झालेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल, तर ते नाही. तसेच आपल्या चुकीने झालेल्या विलंबाचा काळ वगळला जातो. या हक्कासाठी पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. परतावा व त्यावरील व्याज तिला बारा ते सतरा वर्षे विलंबाने मिळाले होते. २७ जानेवारी २००६ रोजी न्यायालयाने भरपाई देवविली. पुढे २०१३ मध्ये गुजरात फ्लोरोकेमिकल्स प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्यात सांगितले तेवढेच व्याज, व्याजावर व्याज नाही. १ एप्रिल २०२६ हा नव्या आयकर कायद्याच्या अंमलाचा दिवस. त्याआधीच्या वर्षांस मात्र वरील जुनीच कलमे लागू राहतात.

एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे. "परतावा मिळवून देतो, त्यातला हिस्सा द्या" असे सांगत खोट्या वजावटी दाखविणारे मध्यस्थ गावोगाव झाले आहेत. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर त्यांची झडती घेतली. महाराष्ट्राचा त्यात ठळक उल्लेख होता. तत्पूर्वीच्या चार महिन्यांत चाळीस हजारांहून अधिक करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने जाहीर केले. अशा दाव्यांमुळे तपासणी कडक होते आणि तिचा भुर्दंड प्रामाणिक माणसास विलंबाच्या रूपाने सोसावा लागतो. न केलेली देणगी दाखविणाऱ्या वैद्याविषयी आम्हांस तिळमात्र सहानुभूती नाही.

औषधनिर्मात्यांची व्यथा निराळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्के झाला. ग्राहकाचे हित झाले, परंतु प्लास्टिकच्या व काचेच्या बाटल्यांवर अठरा टक्के कायम असल्याने भरलेला कर साचत जातो. तो परत मागता येतो. अर्जाची मुदत दोन वर्षे. पूर्ण अर्जानंतर साठ दिवसांत निर्णय न झाल्यास पुढे सहा टक्के व्याज. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांत, जोखीम कमी ठरल्यास, नव्वद टक्के रक्कम तात्पुरती आधी मिळण्याची सोयही झाली आहे. मात्र भाडे, तपासणी शुल्क, जाहिरात अशा सेवांवरील कर या हिशेबात धरत नाहीत. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केली आहे. आणि अर्जात उणीव निघून त्रुटिपत्र आले, तर नवा अर्ज करावा लागतो व साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. बीजकांची यादी घाईने जोडणाऱ्यांचा वेळ येथेच जातो. केवळ विक्री करणाऱ्या दुकानदारांनी बारा टक्क्यांनी घेतलेला जुना साठा पाच टक्क्यांनी विकला, त्यांची शिल्लक या वाटेने परत मिळत नाही. ती पुढील करात वळती करावी लागते. बैठकीत तिघे याच आशेवर बसले होते.

'परतावा मंजूर झाला, येथे बोट ठेवा' असा संदेश भ्रमणध्वनीवर आल्यास बोट ठेवू नये. खाते अशा दुव्यावर बँकेचा तपशील मागत नाही. स्थिती पाहावयाची तर स्वतः संकेतस्थळावर जाऊनच.

यंदाचा आमचा परतावा कार्तिकात व्याजासह आला. व्याजाची रक्कम किरकोळ. पण ती करपात्र असल्याने येत्या विवरणपत्रासाठी तिची नोंद आम्ही वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवली आहे. आवळा यंदा रोखीने घेतला.